पाच हजार रुपये, चाळीस पोरं : येणाऱ्या कॉमिक्सपैकी आगाऊ काय नोंदवू?

बोरीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात दोन वर्षांपासून पोरांसाठी छोटं वाचनालय चालवतो. मारुतीच्या पाराला लागून एक खोली आहे, रोज संध्याकाळी पाच ते सात. पाचवी ते आठवीची चाळीसेक पोरं येतात. यंदा गणेश मंडळानं डीजे लावला नाही आणि त्यातून वाचलेले पाच हजार रुपये आम्हाला दिले. अट एकच घातली, पोरं मागतील तेच आणायचं. पोरांनी कॉमिक्स मागितली.

सध्या आमच्याकडे एकोणीस कॉमिक्स आहेत, बहुतेक रद्दीवाल्याकडून आणलेली. त्यात वेताळ या नायकाचं एक जुनं मराठी 'इंद्रजाल' कॉमिक आहे, शेवटची चार पानं गायब. सहावीतल्या एका पोरीनं वहीच्या पानावर पट्टीनं चौकोन आखले, पेन्सिलनं शेवट स्वतः काढला आणि ती पानं सुईदोऱ्यानं मागे शिवून टाकली. आता ते पुस्तक तिच्या पानांसकट घरोघरी फिरतं. तरी कुणी ना कुणी विचारतंच, "सर, याना खरा शेवट काय शे?"

तर प्रश्न असा. फेसबुकवर हिंदी कॉमिक्सवाल्यांच्या प्री-ऑर्डरच्या जाहिराती सारख्या येतात. 'मर्यादित प्रती', 'सोबत पोस्टर आणि मॅग्नेट स्टिकर मोफत', 'नोंदणी रविवारपर्यंत'. इंग्रजीतली पण मोठी यादी आहे. यातलं काय आगाऊ नोंदवावं आणि काय नंतर सावकाश घ्यावं? मागच्या वर्षी एका दुकानाला बाराशे रुपये आगाऊ पाठवले होते, सेट पाच महिन्यांनी आला. तोवर आठवीची पोरं शाळा सोडून गेली. तसं पुन्हा नको.

गिरणाकाठ

मास्तर, आधी त्या पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या.

मी जळगावात राहतो, पंचवीस वर्षांपासून कॉमिक्स जमवतो. माझा सल्ला स्पष्ट आहे. जे नंतर मिळणारच नाही, तेवढंच आगाऊ नोंदवा. बाकी सगळ्याला थांबायची तयारी ठेवा.

हिंदीत आज बरेच प्रकाशक थोड्याच प्रती छापतात. आधी नोंदणी घेतात, आकडा बघतात, मग छपाईला देतात. त्यामुळे जुन्या कथांचं पुनर्मुद्रण असो की नवा अंक, एकदा हातचा गेला की वर्षभरानं कुणीतरी दुप्पट-तिप्पट भावानं विकायला काढतो. तिथं आगाऊ नोंदणीला अर्थ आहे. पण तुम्हाला संग्राहकांची जाड पुठ्ठ्याची, खोक्यातली आवृत्ती नको. त्याच कथा साध्या बांधणीत निघाल्या तर त्या घ्या, एका खोक्याच्या पैशात पाच-सहा पुस्तकं येतील.

राज कॉमिक्सचे नायक नागराज, ध्रुव, डोगा घेणार असाल तर एक गोष्ट बघून घ्या. राज कॉमिक्स आता तीन भावांच्या तीन वेगळ्या नावांनी निघतं, 'बाय संजय गुप्ता', 'बाय मनोज गुप्ता' आणि 'बाय मनीष गुप्ता'. नायक ओळखीचा, पण नव्या मालिका ज्याच्या त्याच्या. पहिला भाग एका नावाचा आणि दुसरा दुसऱ्याच कुठल्या मालिकेचा, असं झालं की पोरं हिरमुसतात. कव्हरवरचं नाव नीट वाचा आणि शक्यतो एकाच भागात संपणारी कथा निवडा. तीन भागांची मालिका असेल तर तिन्ही भाग छापून तयार झाल्याशिवाय पैसे पाठवू नका.

मोफत पोस्टरवर जाऊ नका. चाळीस पोरांत एक पोस्टर म्हणजे भांडणच.

शिरपूरकर

मी मूळचा शिरपूरचा, आता पुण्यात. अमेरिकन कॉमिक्स नियमित घेतो, म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो.

तिकडची आगाऊ नोंदणीची पद्धत आपल्यासाठी बनलेलीच नाही. तिथले दुकानदार अंक बाजारात येण्याच्या दोन-तीन महिने आधी यादी बघून मागणी नोंदवतात, साधारण तीन आठवडे आधीपर्यंत आकडा बदलता येतो आणि उरलेला माल सहसा परत घेतला जात नाही. त्यामुळे दुकानदार मोजूनच मागवतो, आणि ज्याला अंक हमखास हवा त्यानं आधी सांगून ठेवायचं. त्यात डायमंड हा त्यांचा जुना मोठा वितरक जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेला, तेव्हा तिथल्याही बऱ्याच दुकानांची घडी विस्कटली.

सुटा अंक चार-पाच डॉलरचा, कथा वीस-बावीस पानांची, वर भारतात यायचा खर्च. पाच हजारांत डझनभर अंकही येणार नाहीत, आणि एकही कथा पुरी होणार नाही. एकाच अंकाची चार-पाच वेगळी मुखपृष्ठं काढतात, त्यांचा तर विचारही करू नका, आत मजकूर तोच असतो. पाच-सहा अंक एकत्र केलेलं पुस्तक काही महिन्यांनी येतंच. डीसी या अमेरिकन प्रकाशकानं २०२४ पासून लहान आकाराची स्वस्त पुस्तकं काढली आहेत, छापील किंमत ९.९९ डॉलर. ती चांगली आहेत, पण त्यातली बरीच मोठ्या माणसांसाठी आहेत. आकार लहान म्हणजे मजकूर लहानांचा असं समजू नका. मागच्या कव्हरवर वयाची खूण असते, ती बघितल्याशिवाय एकही पुस्तक सातवीच्या पोराच्या हातात देऊ नका.

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, त्यांचंही तेच. गाजलेल्या मालिका सारख्या पुन्हा छापल्या जातात, आगाऊ नोंदवायची घाई नको. शिवाय उजवीकडून डावीकडे वाचायचं, ते पोरांना आधी फळ्यावर चौकोन काढून शिकवावं लागेल.

थोडक्यात, या पाच हजारांत इंग्रजी नकोच असं माझं मत.

पांझरेकाठी

धुळ्यात आमचं बाइंडिंगचं काम आहे, शाळांची पुस्तकं बांधतो. वरच्या दोघांनी काय घ्यायचं ते सांगितलं, मी कसं घ्यायचं ते सांगतो.

आगाऊ नोंदवताना दुकानदाराला विचारा, पुस्तक मधोमध पिना मारलेलं आहे की पाठीला डिंक लावलेलं? चाळीस हातांत फिरायचं असेल तर पिनांचंच घ्या. पिना गंजल्या तर काढा, त्याच भोकांतून मेणलावला जाड दोरा घालून मधोमध गाठ मारा, पुस्तक आणखी चार वर्षं जाईल. पाठीला डिंक लावलेलं पुस्तक पोरं उलटं दुमडून वाचतात, मग पाठ तडकते आणि पानं सुटायला लागतात. आपल्याकडं मे महिन्यात पार्सल उन्हातल्या गाडीत दिवसभर पडलं तर तो डिंक मऊ पडून पाठ तिरकी होते, असं काम माझ्याकडं दर उन्हाळ्यात येतं.

जाड पुस्तक घ्यावंच लागलं तर वाटायच्या आधी कडेनं दाभणानं तीन भोकं पाडून शिवून घेतात. पण कॉमिकमध्ये त्यानं आतल्या बाजूची चित्रं शिवणीत जातात, संवादांचे फुगे अर्धे दिसतात. गोष्टीच्या पुस्तकाला ते चालतं, कॉमिकला नाही. म्हणून पातळ पुस्तकं जास्त घ्या. आणि प्लास्टिकचं कव्हर पुस्तकाला चिकटवू नका, नुसतं दुमडून घाला, म्हणजे फाटलं तर बदलता येतं.

बोरीकाठ (धागाकर्ता)

पिनांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमची दोन जाड पुस्तकं तशीच सुटली आहेत, सोमवारी घेऊन येतो.

आणखी एक अडचण. कुरिअरवाले गावात येत नाहीत. फोन करतात, "अमळनेरला येऊन घेऊन जा." एक फेरी म्हणजे अर्धा दिवस आणि पेट्रोल.

सातपुडा_वाचक

शहाद्याजवळ शाळेवर आहे, आमची पण हीच रड होती. पोस्टानं मागवा, पोस्टमन गावात येतोच. टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केली आहे, खास पुस्तकांसाठी. ३०० ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत, वीस रुपयांपासून शंभर रुपयांपर्यंत दर आणि वर कर. नंबर टाकून पार्सल कुठं आहे ते बघता येतं. रस्त्यानं किंवा रेल्वेनं येतं म्हणून जरा उशीर लागतो, तेवढं धरून चाला. पाठवणाऱ्याला आधी विचारा, कारण जाहिराती असलेली पुस्तकं आणि नियतकालिकं त्यात चालत नाहीत.

आता मराठीबद्दल, कारण त्यावर अजून कुणीच बोललं नाही आणि मला ते लागलं. आमची पोरं घरी अहिराणी किंवा पावरी बोलतात, टीव्हीवर हिंदी बघतात, शाळेत मराठी वाचतात. हिंदी कॉमिक ती भराभर वाचतील, खरंय. पण हातात मराठी चित्रं आणि मराठी फुगे असले की पोरगं वर्गातही मोठ्यानं वाचायला लागतं, हे मी माझ्या वर्गात बघितलंय. नवी मराठी कॉमिक्स फार निघत नाहीत, म्हणून निघतील ती सोडू नका. 'चिंटू'चे संग्रह घ्या. १९९१ मध्ये सुरू झालेली चित्रमालिका आहे ती, तीन-चार चौकोनांत गंमत पूर्ण होते, त्यामुळे जे पोर अडखळत वाचतं तेही शेवटपर्यंत पोचतं. अमर चित्र कथेतली मराठी पुस्तकं दुकानात शिल्लक आहेत का ते फोन करून विचारा, ती आगाऊ नोंदवायची गरज नाही.

आणि बालभारतीच्या 'किशोर' मासिकाची वर्षाची वर्गणी भरा. १९७१ पासून निघतंय. आगाऊ पैसे भरायचेच असतील तर याहून खात्रीची जागा मला माहीत नाही. दर महिन्याला पोस्टमन खोलीच्या दारात येतो तेव्हा पोरं कशी धावतात ते बघा.

गिरणाकाठ

'किशोर'ला माझाही पाठिंबा. मी हिंदीतच अडकलो होतो.

जंक्शन_भुसावळ

रेल्वेतून निवृत्त झालो, भुसावळलाच असतो. धागा उशिरा बघितला.

माझे वडील ड्युटीवरून येताना फलाटावरच्या स्टॉलवरून इंद्रजाल आणायचे. ते १९६४ मध्ये सुरू झालं, मराठीतही यायचं, १९९० मध्ये बंद पडलं. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि पुढं आबिद सुरतींचा बहादूर. आमच्या चाळीत एक अंक सात घरं फिरायचा आणि आठव्या दिवशी आईच्या पेटीत जायचा. त्या पेटीतले मराठी अंक अजून माझ्याकडं आहेत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेत.

अलीकडं वेताळच्या जुन्या कथा हिंदी-इंग्रजीत पुन्हा छापून येतायत, त्यातलं हिंदी एखादं आगाऊ नोंदवायला हरकत नाही. पण मास्तर, मला हे सांगा, तुमच्याकडचा तो शेवट नसलेला अंक कोणता? कव्हरवर क्रमांक असेल तर तो, नाहीतर नुसतं नाव सांगा. माझ्याकडं असला तर शेवटच्या चार पानांची रंगीत झेरॉक्स काढून पाठवतो. मूळ अंक देववत नाही, माफ करा.

बोरीकाठ (धागाकर्ता)

अप्पा, कव्हरच नाही हो. पहिल्या पानाचा फोटो तुम्हाला निरोपातून पाठवला आहे.

बाकी काल रात्री पोरांना बसवून यादी केली. 'किशोर'ची वर्गणी आणि 'चिंटू'चे दोन संग्रह पहिले. मग हिंदीत एकाच भागात संपणारी, पिना मारलेली, साध्या बांधणीची आठ कॉमिक्स. त्यातली तीनच आगाऊ, ती पण छपाईची तारीख लेखी कळवणाऱ्या दुकानातून. इंग्रजी एकही नाही. अमर चित्र कथेसाठी बाराशे बाजूला ठेवलेत, शनिवारी जळगावला येतो तेव्हा हातात घेऊन बघीन. उरतील त्यातून मेणाचा दोरा आणि प्लास्टिक.

जंक्शन_भुसावळ

फोटो मिळाला. अंक आहे माझ्याकडं, चारही पानं शाबूत. उद्या झेरॉक्स काढतो, परवा पोस्टात टाकतो. त्या मुलीनं काढलेल्या पानांचा पण एक फोटो पाठवा, मला बघायचाय.

बोरीकाठ (धागाकर्ता)

पाठवतो अप्पा, तिला विचारून. तिला आजच सांगितलं. ती म्हणाली, "मनी पानं काढू नका, ती पानं मना पानंसना मांगे शिवा."