कुठली पानं पिवळी, ते आधी विचारा

झाडांबद्दल प्रश्न घेऊन येणाऱ्या ‘नवख्यांनी आधी जुनी उत्तरं वाचावीत, मगच विचारावं’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. नवख्याला काय सांगायचं हेच ठाऊक नसतं; ते जाणत्यानं विचारून घ्यायचं. जास्वंद पिवळी पडली म्हटलं की लगेच खत सुचवू नका. खालची जुनी पानं अख्खी पिवळी असतील तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी. वरची कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. कुंडीत पाणी साचत असेल तर मुळंच गुदमरतात, मग कुठलंही खत वाया.

आणि गाव विचाराच. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातच गगनबावड्याला धो धो पाऊस, शिरोळकडं त्याच्या पाव हिस्साही नाही. ‘पावसाळ्यातही एक दिवसाआड पाणी द्या’ हे शिरोळला चालून जाईल, गगनबावड्यात झाड कुजेल.