मिग-२१ च्या निरोपाला एवढा गहिवर कशाला?

निफाडकर:
२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाचं मिग-२१ लढाऊ विमान रिटायर झालं, पाण्याचे फवारे बिवारे उडवले, आणि तेव्हापासून आमच्या ग्रुपवर जो तो हळवा झालाय. १९६३ ला आलेलं विमान ६२ वर्षं ताणलं, ह्यात अभिमान कसला? आजोबांची स्कूटर नातवाला हायवेवर चालवायला द्यायची आणि पडला की म्हणायचं पोराला बॅलन्स जमत नाही.

ओझरचा पोरगा:
स्कूटर काय स्कूटर! २०१९ ला अभिनंदन ज्यात होते ते बायसन, म्हणजे मिग-२१ चंच सुधारलेलं रूप, रडार-मिसाइल सगळं नवीन घातलेलं, ६३ चं विमान नव्हे ते. आमचे अण्णा एचएएलला, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत होते, इथं नाशिकजवळ ओझरलाच बनायची ही. टेस्टला निघालं की शाळेत बाई खडू हातात धरून तशाच उभ्या, आवाज जाईस्तोवर, कारण बोलून उपयोगच नसायचा. आणि ७१ ला ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं टाकली ती ह्यांनीच, १४ डिसेंबरला, दोन दिवसांत शरणागती. आता अपघातांवरून उडती शवपेटी म्हणतात, तेव्हा कुणी म्हणालं नाही.

निफाडकर:
७१ चं कोण नाकारतंय? मी नंतरचं बोलतोय. २००१ ला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिगच्या अपघातात गेले, ठपका पायलटवर, आणि त्यांच्या आईला, कविता गाडगीळांना, त्याविरुद्ध मोहीम काढावी लागली. त्यांना सांगून बघा ढाक्याचं.

चहा_कमी_साखर:
दोघंही विमानावरच घसरताय. डेल्टा पंख, उतरताना स्पीड ताशी तीनशे किलोमीटरच्या वर, नवख्या पोराला चुकायला जागाच नाही. आणि ह्याच्या आधी सराव कशावर, तर किरण ट्रेनरवर, जे सबसॉनिक, आवाजाच्या वेगापेक्षा हळू. मधल्या टप्प्याच्या सरावाचं हॉक ट्रेनर आलं २००८ ला! फाइली दिल्लीत झोपल्या, शिव्या मिगला.

ओझरचा पोरगा:
हेच म्हणतोय ना मी, काढून टाकलं असतं तर उडवलं काय असतं? आता लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, उरल्यात, पाहिजेत ४२.

निफाडकर:
म्हणजे पर्याय वेळेत केला नाही म्हणून पोरांनी त्यातच बसायचं? वा रे न्याय. ८३ देशी तेजस मार्क-१ए विमानांची ऑर्डर २०२१ ची आहे, इंजिनं लेट, आणि मिग गेलं तरी एक मार्क-१ए हवाई दलाच्या हातात नव्हतं.

ओझरचा पोरगा:
बरं, हे मान्य. १७ ऑक्टोबरला ओझरवरून पहिलं मार्क-१ए उडालं त्याचा व्हिडिओ अण्णांना दाखवला. दोनदा बघितला, चष्मा पुसला, म्हणाले, एकच? बाकीची कुठायत?