वायरमनचा परवाना: अनुभव पुरेसा का मानला जात नाही?

प्रश्न (सिन्नर):
माझा धाकटा भाऊ दहावीनंतर लगेच एका वीज कंत्राटदाराच्या हाताखाली लागला आणि आज तो बंगल्याचे पूर्ण वायरिंग एकट्याने करतो. आयटीआय करून आलेल्या मुलांना तोच काम शिकवतो. परवाना मात्र त्यांच्याकडे असतो आणि भावाच्या कामावर सही दुसऱ्याची होते. हे न्याय्य आहे का?

उत्तर (निवृत्त विद्युत पर्यवेक्षक, पुणे):
केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा विनियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता, ग्राहकाच्या जागेतील वीजमांडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच, सक्षमता प्रमाणपत्रधारकाच्या थेट देखरेखीखाली आणि परवानाधारक कामगाराकडून करून घ्यावे लागते. या अटीमागचे कारण मला पूर्णपणे पटते, कारण विजेच्या कामातली चूक काम करणाऱ्याला बहुधा दिसतच नाही. अर्थिंग तुटलेले असले तरी पंखा फिरतो, फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले तरी दिवा लागतो, आणि 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेवरची एमसीबी (जादा प्रवाह वाहू लागताच वीज आपोआप तोडणारी कळ) वारंवार पडते म्हणून तिच्या जागी 32 अँपिअरची बसवली की घरमालकाची तक्रार थांबते, पण भिंतीतली तार तापत राहते. असे काम वर्षानुवर्षे करणाऱ्याला आपले बरोबरच आहे असे प्रामाणिकपणे वाटत असते. मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासणे, अर्थिंगचा रोध मोजणे, तारेच्या जाडीनुसार एमसीबी निवडणे या गोष्टी कोणीतरी मुद्दाम शिकवाव्या लागतात आणि त्यांची परीक्षाही घ्यावी लागते.

उत्तर (आयटीआय निदेशक, ठाणे):
वरील मत मान्य आहे, परंतु आमची बाजूही निर्दोष नाही. दोन वर्षे लाकडी फळ्यांवर जोडण्या केलेला विद्यार्थी जुन्या चाळीत जातो आणि सगळ्या तारा एकाच रंगाच्या पाहून थबकतो. ही उणीव भरून काढण्यासाठीच 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याचा उपयोग आहे, आणि प्रत्यक्ष कामावरचा तो उमेदवारीचा काळ केवळ हजेरीपुरता पार पाडणाऱ्या आस्थापनांमुळे प्रमाणपत्राची किंमत घसरते, हे मी रोज पाहतो. आपल्या भावाने अनुज्ञापक (परवाने देणाऱ्या) मंडळाच्या तारतंत्री म्हणजे वायरमन परीक्षेची सध्याची पात्रता पाहावी. त्याचा अनुभव परीक्षेला बसण्यासाठी धरला जावा, परीक्षेऐवजी नव्हे.

प्रश्नकर्ता:
अडचण नेमकी तिथेच आहे. मजुरी रोख मिळते, हजेरीपटावर त्याचे नाव नाही आणि कंत्राटदार अनुभवाचा दाखला देण्यास टाळाटाळ करतात.

उत्तर (निवृत्त विद्युत पर्यवेक्षक, पुणे):
मग हा अन्याय परवान्याच्या अटीने केलेला नसून कंत्राटदाराने केलेला आहे, आणि तो फार मोठा आहे, कारण त्याने भावाचे श्रम घेतले आणि त्यांची नोंद ठेवली नाही. भावाने आता परवानाधारक कंत्राटदाराकडेच, हजेरीपटावर नाव लावून आणि मजुरी बँकेत घेऊन काम करावे. अर्जासोबत ते कागद उपयोगी पडतील.