शब्द वाचून घेतल्याने रुग्णाची आरोग्य-साक्षरता कळते का?

प्रश्न
मी बाह्यरुग्ण विभागात समुपदेशनाचे काम करते. औषधांविषयी सांगण्यापूर्वी रुग्णाला लिहिलेले कितपत उमगते याचा अंदाज यावा, म्हणून 'रिॲल्म' या इंग्रजी चाचणीच्या धर्तीवर आम्ही वैद्यकीय शब्दांची मराठी यादी केली आणि ती मोठ्याने वाचून घेऊ लागलो. मूळ चाचणी ६६ शब्दांची असून दोन-तीन मिनिटांत आटोपते, हेच तिचे आकर्षण होते. आमच्याकडे मात्र थोडेफार शिकलेले रुग्णही सगळी यादी घडाघडा वाचतात. यादी फार सोपी झाली आहे का?

प्रतिसाद १
यादी कठीण करून काही साधणार नाही, कारण अडचण लिपीची आहे. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ बसेलच असे नसल्याने, आधी कानावरून किंवा डोळ्यांखालून गेलेला शब्दच बहुधा नीट उच्चारता येतो. देवनागरीत अक्षरओळख असलेला माणूस 'प्रतिजैविक' हा शब्द अर्थाचा गंधही नसताना बिनचूक वाचतो. स्पॅनिशचेही तसेच, म्हणून २००६ मध्ये आलेल्या ५० शब्दांच्या स्पॅनिश चाचणीत शब्द वाचून झाल्यावर दोन पर्यायांपैकी अर्थाने जवळचा कोणता, हेही विचारतात. 'मूत्रपिंड' या शब्दासाठी 'लघवी' आणि 'श्वास' असे पर्याय देऊन पाहा. 'माहीत नाही' म्हणायची मुभा मात्र ठेवा, नाहीतर निम्मी उत्तरे अंदाजपंचे येतील.

प्रतिसाद २
अर्थ कळला तरी आकडेमोड उरतेच. २००५ मधील 'न्यूएस्ट व्हायटल साइन' या चाचणीत आइस्क्रीमच्या डब्यावरील पोषणमूल्यांचा तक्ता हाती देऊन सहा प्रश्न विचारतात. चार किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर साक्षरता पुरेशी मानतात. असे तक्ते कधी पाहिलेच नसतील तर माणूस तिथेच अडखळतो, हा तिचा दोष. तरीही वाचणे आणि करणे यांतले अंतर किती असते, हे २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना कमी साक्षरता असलेल्या रुग्णांपैकी ७०.७ टक्क्यांनी बरोबर सांगितली. दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवणे जमले ते फक्त ३४.७ टक्क्यांना.

प्रतिसाद ३
या गुणांचे पुढे काय करणार, ते आधी ठरवा. संशोधनात गटांची तुलना करायला अशा चाचण्या उपयोगी पडतात, पण तपासणीच्या रांगेत मला त्या खटकतात. कागद पुढे केला की "चष्मा घरी राहिला" म्हणणारे रुग्ण आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत, आणि दर वेळी प्रश्न चष्म्याचा नसतो. मी सरसकट सगळ्यांनाच सोप्या भाषेत सांगते आणि मग विचारते, "मी नीट सांगितले की नाही ते कळावे म्हणून, घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल ते मला सांगाल का?" त्यात परीक्षा माझी होते.

मूळ प्रश्नकर्ती
आभारी आहे. यादी अर्थाच्या पर्यायांसह फक्त अभ्यासापुरती ठेवू. समुपदेशनाच्या टेबलावर रिकाम्या गोळ्यांची पाकिटे ठेवून 'मोजून दाखवा' हे उद्यापासून सुरू करते.