ओसाड स्टेशनवर कधी जाऊन आलात का? (आमची शकुंतला)

वऱ्हाडी_ठेचा
काल मावसभावानं आमच्या शकुंतलेच्या, म्हणजे बंद पडलेल्या अरुंद रुळांच्या गाडीच्या, अंजनगाव स्टेशनचा फोटो टाकला ग्रुपवर अन् झोपच उडाली. दिवाळीत मीही गेलो होतो. रुळांमध्ये बाभळी वाढल्यात, फलाटावर कुणीतरी मस्त सोयाबीन वाळत घातलेलं. आजोळी जायचं म्हणजे मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून शकुंतलेत बसायचं, 1994 पर्यंत कोळशाचं इंजिन, डोळ्यात कण जायचे म्हणून आई तोंडाला रुमाल बांधायची. तिकीट गार्डच फाडायचा. फाटक आलं की गाडी थांबणार, माणूस उतरून फाटक लावणार, गाडी पुढे घेणार, परत थांबून फाटक उघडणार, मग तो चढणार 😄 तुमच्याही आठवणी टाका.

दारव्हेकर
आमचं दारव्हा मोतीबाग स्टेशन!! बाबा सायकलसकट चढायचे.

चहाबाज
इंजिन मँचेस्टरचं, आपला कापूसही तिकडेच जायचा. लाईन खाजगी कंपनीची आणि गाडी सरकारची, स्वातंत्र्यानंतरही भाडं देत होतो राजेहो.

मीनल_प
माझे वडील याच लाईनवर गँगमन होते, रुळांची देखभाल करायचे. मागच्या वर्षी हट्टानं घेऊन गेलो त्यांना, म्हटलं रडतील बिडतील. स्टेशनकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ क्वार्टरच्या मागे गेले आणि विहीर कुणी बुजवली म्हणून जी चिडचिड सुरू केली ती घरी येईपर्यंत. त्या विहिरीचं पाणी आख्खी लाईन प्यायची म्हणे.

दारव्हेकर
काका बरोबर आहेत. उन्हाळ्यात पाणी मोठं, गाडीचं काय.

कुर्डुवाडी_जंक्शन
आमची बार्शी लाईट रेल्वे पण अडीच फुटी रुळांचीच, 1897 ची. ब्रॉडगेज (मोठी लाईन) आली ते चांगलंच झालं, उगाच गळे काढू नयेत, पण नवीन लाईन उस्मानाबादवरून वळवली त्यात जुन्या मार्गावरची काही स्टेशनं तशीच राहिली ना शेतात. वारीला टपावर बसून गेलेली माणसं आहेत आमच्या घरात.

सुगरण७२
कुकर लावलाय, नंतर नीट वाचते. ठेचा भाऊ, अंजनगावला पानपिंपळी (औषधी पिंपळीचा वेल) अजून लावतात का? माझ्या माहेरी मळा होता.

वऱ्हाडी_ठेचा
लावतात ना ताई, पण मजूर मिळत नाही म्हणून रडतात सगळे. पानमळेही आहेत. मीनल ताई, काकांना नमस्कार सांगा.

सुगरण७२
मग कुणी येणार असेल तिकडून पुण्याला तर पावशेर पिंपळी आणा, पैसे देते. इथे आयुर्वेदिक दुकानात लुटतात नुसते.