भाचीचा पीएचडीचा अर्ज: सल्ला हवा आहे

प्रेषक: मावशी, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

फराळाच्या ऑर्डरींच्या मधेच हा विषय काढते आहे, कारण मुदती डिसेंबरच्या आहेत. माझी बहीण नागपूरला प्रतापनगरात राहते. तिची मुलगी पर्यावरण अभियांत्रिकीत एमटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. इकडे पीएचडीला अर्ज करायचं तिचं अगदी पक्कं होतं. परवा फोन केला तर म्हणाली, "राहू दे ना मावशी, काहून बाबांचे पैसे घालवायचे? माझ्यासारखीला कोण घेऊन राहिलं?" पोर मेहनती आहे, पण तिची उमेद पार गेली आहे. मी हिशेबाच्या कामातली, मला यातलं कळत नाही. तिला म्हटलं, तुझ्या शब्दांत लिही, मी यादीवर टाकते. खाली तिचं पत्र जसंच्या तसं.

•

सर्व काका-काकू, ताई-दादांना नमस्कार.

माझं सगळं आधीच सांगून टाकते. सीजीपीए ७.६. बीईला तिसऱ्या सेमिस्टरला गणितात बॅक होता, पुढच्या परीक्षेत निघाला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. छापून आलेला पेपर एकही नाही. प्रकल्प पाण्यातलं फ्लोराइड काढण्याचा आहे. सक्रिय अल्युमिना (फ्लोराइड धरून ठेवणारे अल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे) भरलेल्या कॉलममधून, म्हणजे उभ्या नळीतून, पाणी सोडायचं आणि खाली किती फ्लोराइड येतं ते मोजायचं. लॅबमध्ये फ्लोराइड मिसळून तयार केलेल्या पाण्यावर छान निकाल आले. मग यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या बोअरचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं, तर कॉलम फारच लवकर संपला, म्हणजे फ्लोराइड धरेनासा झाला. तो भाग मी एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) घेतलाच नाही.

बर्डीवरच्या एका सल्ला केंद्रात गेले होते. त्यांनी मार्कशीट पाहिली आणि म्हणाले, पीएचडीचं विसरा, एमएसला सेफ कॉलेजं काढून देतो. टेलिग्रामच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी आपलं प्रोफाइल टाकतं, कोणाचे तीन पेपर, कोणाची आयआयटीतली इंटर्नशिप. ते वाचल्यावर रात्री झोप लागत नाही. शिफारसपत्रासाठी एका सरांकडे गेले तर ते म्हणाले, तूच लिहून आण, मी अपलोड करतो. स्वतःबद्दल मी काय लिहू? लिहायला बसते आणि कागद कोराच राहतो. मी अर्ज करावा की नाही, एवढं सांगाल का?

•

प्रेषक: एक सदस्य, ओहायो (माहेर नागपूर, महाल)

अगं, अर्ज कर. मी याच विषयात शिकवते आणि प्रवेश समितीत बसून तुझ्यासारख्यांच्या फाइली वाचते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू जे लपवलंस तिथूनच सुरुवात करते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि त्याचा पीएच (आम्लता-क्षारतेचं माप) सातच्या बराच वर असतो. अल्युमिना फ्लोराइड सगळ्यात चांगलं धरतं ते पीएच साडेपाच-सहाच्या आसपास. लॅबमध्ये शुद्ध पाण्यात फ्लोराइड मिसळलं की ही अडचण दिसतच नाही. तुझा कॉलम लवकर संपला तो बहुतेक याच कारणाने, आणि हे तुझ्या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण आहे. लॅबच्या पाण्यावर नव्वद टक्के फ्लोराइड काढल्याचे अर्ज आमच्याकडे ढिगाने येतात. गावातून खरं पाणी आणलं, ते का वेगळं वागलं याचा विचार केला, असं लिहिणारी मुलगी क्वचित येते. त्या पाण्याची अल्कलिनिटी (बायकार्बोनेटसारख्यांमुळे येणारी आम्ल पचवायची क्षमता) मोजली होतीस का? मोजली असशील तर आकडा एसओपीत घाल. नसेल तर नमुना शिल्लक आहे का बघ आणि याच आठवड्यात मोज, साधं टायट्रेशन आहे.

आणि तू हे काम कुठे बसून करते आहेस ते तुझ्या पत्रात कुठेच आलं नाही. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढायचं नलगोंडा तंत्र १९७० च्या दशकात नागपूरच्याच नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) विकसित केलं. स्वस्त आहे, खेड्यात करता येतं, म्हणून जगभरच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख असतो. त्याच्या अडचणीही सर्वांना ठाऊक आहेत: तुरटी खूप लागते, गाळ खूप निघतो, प्रक्रिया केलेल्या पाण्यात अल्युमिनियम उरू शकतं. नलगोंडा कुठे कमी पडतं, अल्युमिना कुठे कमी पडतो, आणि विदर्भातल्या क्षारयुक्त पाण्याला नेमकं काय लागेल हा प्रश्न तुझ्या दारातला आहे. एसओपी याच प्रश्नाने उघड. "लहानपणापासून मला पर्यावरणाची आवड आहे" अशी ओळ असेल तर ती काढून टाक, असल्या ओळीवर वाचणारा थांबत नाही.

गुणांचं सांगते. १० पैकी ७.६ असंच लिही. फॉर्म स्वतःहून मागत नाही तोवर चारच्या मोजपट्टीवर रूपांतर करू नकोस. बॅकबद्दल एसओपीत अक्षरही नको. अर्जात अधिक माहितीची जागा असते, तिथे एक वाक्य पुरतं: त्या सेमिस्टरला अडले, नंतरच्या गणिती विषयांत इतके गुण आहेत. कारणांची यादी द्यायची नाही, माफी मागायची नाही. समितीतले बहुतेक जण मार्कशीटवर ती पायरी वर चढते की खाली उतरते एवढंच बघतात.

शिफारसपत्र स्वतः लिहू नकोस. आपल्याकडे ही पद्धत फार बोकाळली आहे, मला तिचा मनापासून राग आहे, कारण त्यात नुकसान विद्यार्थ्याचंच होतं. तिन्ही पत्रांत तीच वाक्यरचना, तीच विशेषणं आली की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं आणि मग संबंध फाइलवरचाच विश्वास उडतो. सरांना एक पान टिपणं करून दे: कोणता कोर्स, कोणता प्रकल्प, कॉलम बंद पडला तेव्हा तू काय केलंस, गावात कशी गेलीस, कोणत्या विद्यापीठात कोणत्या कामासाठी अर्ज करते आहेस. "सर, पत्र तुमच्याच शब्दांत असलेलं बरं, मी मुद्दे आणलेत" असं आदराने म्हण. बहुतेक सरांना अडचण वेळेची असते, टिपणं समोर असली की ते लिहितात. पत्र कोणाचं घ्यायचं? ज्यांनी तुला काम करताना पाहिलं त्यांचं. विभागप्रमुखांचं दोन ओळींचं पत्र मोठ्या सहीचं असलं तरी काही सांगत नाही. लॅबमध्ये तुझ्याबरोबर उभ्या राहिलेल्या तरुण मॅडम असतील तर त्यांचं घे.

आता झोपेचं. १९७८ मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी त्यांचा कामानिमित्त संबंध आला होता. त्यांत पीएचडी झालेल्या होत्या, आपापल्या क्षेत्रात मान मिळवलेल्या होत्या. तरीही आपण खऱ्या लायक नाही, लोकांचा आपल्याबद्दल गैरसमज झालाय आणि तो कधीतरी उघडा पडेल, असं त्यांना आतून वाटत असे. मला यातून दिसतं ते असं की ही भावना लायकीचं मोजमापच करत नाही. डिग्री हातात असलेल्यांनाही ती होती. त्यामुळे भीती गेली की अर्ज भरीन असं ठरवलंस तर डिसेंबर निघून जाईल. भीती असू दे, फॉर्म भर.

टेलिग्रामचा ग्रुप मार्चपर्यंत बंद ठेव. तिथे ज्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं तेच सांगतात. आणि त्या केंद्राचं म्हणशील तर अशा बऱ्याच केंद्रांना पैसे भरून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांमागे विद्यापीठांकडून कमिशन मिळतं. पीएचडीच्या अर्जात त्यांना काही मिळण्यासारखं नसतं. त्यांचं मत तुझ्या कामाबद्दलचं मत धरू नकोस, तुझं काम त्यांनी वाचलेलं नाही.

•

प्रेषक: काका, ह्यूस्टन (पूर्वी धंतोली)

बेटा, ताईंनी अभ्यासाचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो.

अमेरिकेत विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा मानधन मिळतं. एमएसला सहसा तसं नसतं. म्हणून "पीएचडी कठीण, एमएस सोपं" म्हणून कोणी तिकडे वळवत असेल तर आधी बाबांशी बसून आकडे मांड. माझं स्पष्ट मत आहे: प्रतापनगरचं घर गहाण टाकून एमएसला येऊ नकोस.

अर्जाची फी बऱ्याच ठिकाणी शंभर डॉलरच्या आसपास असते. अनेक विभाग ती माफ करतात, पण विचारावं लागतं, आणि मुदतीच्या आधी. दहा-पंधरा ठिकाणी भरण्यापेक्षा जिथे तुझ्या विषयावर काम करणारे दोन तरी प्राध्यापक आहेत अशा पाच-सहा जागा निवड. जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा बऱ्याच विभागांनी काढून टाकली आहे, प्रत्येक विभागाचं पान स्वतः वाच. अर्ज करताना मार्कशीटचं स्कॅन बहुतेक ठिकाणी चालतं, सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाचा अधिकृत गुणपट) प्रवेश मिळाल्यावर मागतात. तरी विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज आत्ताच टाकून ठेव.

निधीसहित प्रवेश मिळाला आणि दुसऱ्या कोणाचं उत्तर यायचं असेल तर घाई करू नकोस. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं १५ एप्रिलच्या आधी होकार मागत नाहीत.

नकार आले तर तेही समजून घे. २०२५ मध्ये इथे सरकारी संशोधन निधीला कात्री लागली आणि काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, एका ठिकाणी तर दिलेले प्रवेश परत घेतले. कुठे प्राध्यापक रजेवर असतात, कुठे त्यांचं अनुदान संपलेलं असतं. पत्रात यातलं काहीच लिहिलेलं नसतं, आणि मुलं समजतात की आपणच कमी पडलो.

दीक्षाभूमीवरून तुझं जाणं-येणं होत असेल. बाबासाहेबांचं लंडनचं शिक्षण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अर्धवट राहिलं होतं. ते मुंबईला आले, सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, १९२० मध्ये परत गेले आणि १९२३ मध्ये डीएससी मिळवली. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी भरायचं. तुझ्या बाबांनाही हे वाचून दाखव.

•

प्रेषक: माजी सदस्य, आता परत नागपुरात

ताई, काकांशी सहमत. एकच जोडतो. नीरीतसुद्धा एसीएसआयआरमार्फत (सीएसआयआरच्या प्रयोगशाळांमधून पदव्या देणाऱ्या अकादमीमार्फत) पीएचडी करता येते. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं भत्ता मिळतो. फ्लोराइडवर काम करणाऱ्याला विदर्भासारखं क्षेत्र दुसरीकडे शोधावं लागेल. मी आठ वर्षं बाहेर राहून आलो आहे आणि इथे राहून संशोधन करणं कमी प्रतीचं आहे असं मला वाटत नाही. अमेरिकेचे अर्ज भरच, पण हाही अर्ज तितक्याच मनापासून भर.

•

प्रेषक: भाची, नागपूर

सगळ्यांचे खूप आभार. मावशीने छापून आईला पाठवलं, आईने बाबांना वाचून दाखवलं.

नमुन्याचा एक कॅन उरला होता. अल्कलिनिटी मोजली, खूपच जास्त निघाली. पीएच आठच्या जवळ. मग त्याच पाण्याचा पीएच आम्ल घालून सहावर आणला आणि छोटा कॉलम पुन्हा चालवला, तर पुष्कळ जास्त वेळ टिकला! मॅडम म्हणाल्या, हे आधी काहून नाही सांगितलं. त्या पत्र देणार आहेत. सरांना टिपणं दिली, ते म्हणाले ठेवून जा, लिहितो.

पहिला परिच्छेद आधी मराठीत लिहिला, तो असा: "लॅबमध्ये जे पाणी मी शुद्ध करत होते ते कोणीच पीत नव्हतं. ज्या बोअरचं पाणी गाव पितं त्याने माझा कॉलम लवकर संपवला. त्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे असं होतं का, हे मी तपासलं. खेड्यात रोज आम्ल घालणं शक्य नाही, म्हणून मला असा शोषक पदार्थ शोधायचा आहे जो आहे त्या पीएचला काम करेल."

दोन शंका आहेत. गावातल्या मुलांचे फ्लोराइडने डागाळलेले दात पाहिले होते, ते लिहू का? आणि इंग्रजी बोलायची भीती आहे, मुलाखत घेतात म्हणे.

•

प्रेषक: एक सदस्य, ओहायो

परिच्छेद चांगला आहे. फ्लोराइड किती होतं तो आकडा घाल आणि त्याच्यापुढे पिण्याच्या पाण्यातली १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा लिही, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल. आम्ल घालून काय झालं तेही लिही, ते सुटलंय. एक-दोन चाचण्यांवरून निष्कर्ष ठाम करू नकोस, "सुरुवातीचा निकाल" म्हण.

दातांचं एका वाक्यात लिही, तू पाहिलंस तेवढंच. गावाची दया येईल असं लिहू नकोस, त्या लोकांनी तुला पाणी दिलं, वेळ दिला.

मुलाखत असली तर जानेवारी-फेब्रुवारीत व्हिडिओवर होते आणि बहुतेक बोलणं तुझ्याच कामाबद्दल असतं. मॅडमना रोज दहा मिनिटं हा कॉलम इंग्रजीत समजावून सांग. थांबून, शब्द शोधत बोललीस तरी चालतं, आमच्या विभागात निम्मे जण तसेच बोलतात. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायचा.

सरांना मुदत सांगताना खऱ्या तारखेच्या आठवडाभर आधीची सांग. इंग्रजी मसुदा शनिवारपर्यंत मला पाठव, रविवारी वाचते.