डोंगर आणि समुद्र एकाच सुट्टीत: तुमचं कुठे चुकलं, काय जमलं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्राला खेटून डोंगर असलेल्या भागात जायचं ठरतंय. सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन लहान मुलं, पाच दिवस. नकाशावर सगळं जवळ-जवळ दिसतंय, म्हणूनच धास्ती वाटते. हॉटेलांची यादी नकोय. काय चुकलं आणि पुढच्या वेळी काय बदललंत, ते सविस्तर लिहा.

सहा वर्षांच्या मुलीची आई

आम्ही किलोमीटर मोजले, तिथेच चुकलो. डोंगरावरच्या मुक्कामापासून किनारा चाळीस किलोमीटर, म्हणून तासभर धरला. लागले अडीच तास. धाकटीला गाडी लागते हे ठाऊक होतं, तरी वेळ घालवायला तिच्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं. डोळ्यांसमोरचं पान स्थिर आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र प्रत्येक वळण जाणवतंय, या विसंगतीनेच मळमळतं. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त. परतताना पुस्तक बॅगेत, काच खाली, नजर लांबच्या डोंगरावर. औषधही डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच दिलं. दोनदाच थांबावं लागलं. आता मुक्काम हलवायच्या दिवशी दुसरा कुठलाच कार्यक्रम ठेवत नाही.

तीन भावंडांची कुटुंबं एकत्र नेणारा

भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा, मग बाकीचं ठरवा. आम्ही अकरा जण ओहोटीला खडकांच्या पलीकडच्या छोट्या पुळणीवर गेलो. मुलं खेकडे शोधण्यात रमली. पाणी वाढताना दिसत होतं, पण इतकं हळू, की अजून तासभर आरामात बसू असं मीच सगळ्यांना सांगितलं. पुढच्या अर्ध्या तासात परतीची वाट गुडघाभर पाण्यात गेली. मुलांना खांद्यावर घेऊन बाहेर पडलो. ती अकरा माणसं मोजतानाचा क्षण मी विसरलेलो नाही.

नंतर समजून घेतलं. जिथे दिवसातून दोनदा भरती येते, तिथे ओहोटी संपल्यापासून पूर्ण भरती व्हायला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. पण पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं. पहिल्या तासावरून अंदाज बांधला की घात होतो. शिवाय वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवशीची वेळ पाचव्या दिवशी उपयोगाची नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे पाणी सर्वांत कमी चढतं. लहान मुलं असतील तर शक्यतो भांगाचे दिवस धरा.

आईला घेऊन गेलेली

‘किनारा दोनशे मीटरवर’ असं लिहिलेलं घर घेतलं. अंतर खरं होतं, पण ते आडवं. मध्ये उभा उतार आणि पायऱ्याच पायऱ्या. आई पहिल्या दिवशी उतरली. भर उन्हात परत चढताना तिचे गुडघे इतके दुखले की उरलेले दिवस ती सज्जातच बसून होती. अशा भागात खोलीतून समुद्र सुंदर दिसतो तो घर उंचावर असतं म्हणून. घर ठरवताना पायऱ्या किती आणि गाडी दारापर्यंत येते का, हे फोन करून विचारा. सासू-सासरे येणार आहेत ना, मग हे सगळ्यात आधी.

सगळा प्रवास स्वतः गाडी चालवणारा

घाट उतरताना खालचा गिअर. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ते तापून निकामी होऊ शकतात. अंधारात घाट नको.

दरवर्षी जाणारे आजोबा

माथ्यावर सकाळीच जा. ऊन चढलं की जमीन तापते, समुद्रावरची दमट हवा आत ओढली जाते आणि डोंगराला अडून वर चढते. दुपारपर्यंत माथा ढगात बुडालेला असू शकतो. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, म्हणून नातवंडांना स्वेटर घेतोच. पण गारव्याला फसू नका. उंचीवर अतिनील किरणं जास्त प्रखर, त्वचा तिथेही भाजते.

आणि समुद्रात लाटांच्या मधला जो पट्टा शांत वाटतो, तिथे मुलांना सोडू नका. पाणी तिथूनच जोरात आत खेचलं जात असतं. कुणी सापडलंच तर प्रवाहाशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं.

विचारणारी, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवसांत तीन मुक्काम होते, ते दोनच केले. तारखा पौर्णिमेवर येत होत्या, चार दिवस पुढे ढकलल्या. घराच्या मालकांना फोन केला तर चौऱ्याऐंशी पायऱ्या निघाल्या. दुसरं घर शोधतेय. गाडी सासूबाईंनाही लागते. ते औषध त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चालेल का, हे उद्या डॉक्टरांना विचारून येते.